भोंगा झाला, कुंदा ओरडली नाही

भाऊ, आमच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावर तुम्ही थांबायचात. दारावरच्या पाट्या वाचायचात. वर आलात की म्हणायचात, "कुलकर्ण्यांनी पाटी नवीन केली वाटतं." मी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि गप्प बसायची. कुलकर्ण्यांची पाटी बिल्डिंग बांधल्यापासून तीच आहे. आता तुम्ही गेलात, दिवाळीही होऊन गेली, आणि मी भाजीला खाली उतरताना ती पाटी रोज वाचते.

आपल्या मुलांच्या पालकसभेतल्या उरल्यासुरल्या लोकांनी मला सांगितलं, ताई, भाऊंबद्दल चार शब्द तुम्ही लिहा. एकाने सुरुवातसुद्धा सुचवली. कोलशेतचे राहणारे, रंगाच्या कंपनीत केमिस्ट, मनमिळाऊ स्वभाव. मनमिळाऊ! डॉक्टर, कंपाउंडर, शाळेचे हेडमास्तर, मी, यांतला एक तरी माणूस दाखवा ज्याच्याशी तुमचं वाजलं नाही. तेव्हा चार शब्द दुसरं कोणीतरी लिहील. मला तुमच्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं टाकून तुम्ही गेलात, आणि ही सवय तुम्हाला नव्हती.

आपली ओळख झाली ती मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर. माझी कुंदा तेव्हा शाळकरी वयाची, तुमचा नंदू तिच्याहून थोडा मोठा. दोघांचे डोळे तिरपे, दोघांची जीभ किंचित बाहेर. अनोळखी बायका मला विचारायच्या, हा तिचा भाऊ का हो? नंदूचे ओठ मात्र जांभळे असायचे. येणारेजाणारे कौतुकाने म्हणायचे, जांभळं खाल्लीस का रे? तुम्ही हसायचात, पण तुमचा हात त्याच्या छातीवर जायचा.

त्या दिवशी तिथले डॉक्टर अभ्यासासाठी मुलांचं रक्त गोळा करत होते. आपल्या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असतं, ते तपासायचं होतं. सुई बघून नंदूने बाक घट्ट धरला. तुम्ही शर्टाची बाही वर केलीत आणि तंत्रज्ञाला म्हणालात, "आधी माझं काढा." तो म्हणाला, तुमचं नकोय. तुम्ही म्हणालात, "नको असेल तर ओतून द्या, पण काढा." तुमच्या हातात सुई गेली, नंदूने पाहिलं, मग त्याने आपला हात पुढे केला. कुंदाने तुम्हा दोघांकडे पाहिलं आणि तिनेही केला. मी मात्र तोंड भिंतीकडे फिरवून उभी होते. सुई मला बघवत नाही. तेव्हाही नाही आणि अजूनही नाही.

रिपोर्ट कधी मिळेल, असं तुम्ही विचारलंत. तो कोवळा डॉक्टर म्हणाला, "रिपोर्ट कशाला हवा? मूल तर समोरच बसलंय."

ते वाक्य तुम्ही कधी सोडलं नाहीत. सुटीच्या दिवशी हॉस्पिटलच्या लायब्ररीत जाऊन बसायला लागलात. आधी हाकललं, मग कंटाळून बसू दिलं. तिथून परदेशी मासिकांच्या झेरॉक्स आणायचात, त्यांतल्या अवघड ओळी आम्हाला डोंबिवलीच्या शाळेच्या वर्गात दर महिन्याला एका रविवारी मराठीत समजावून सांगायचात. मुलांसाठीच्या छोट्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेलो असायचो, आणि मुलं मागे खेळायची. 'मंगोल' म्हणू नका, डाऊन सिंड्रोम म्हणा, हे तुम्ही पहिल्याच रविवारी सांगितलंत. आणि 'अशी मुलं' हा शब्द कोणी उच्चारला की तुम्ही खडू ठेवून द्यायचात.

त्याचं कारण मला नंतर कळलं. नंदूच्या हृदयाला छिद्र होतं. तो तान्हा असताना तुम्ही त्याला दाखवलं होतंत. अशा मुलांचं हे असंच असतं, ऑपरेशन करून काय मिळवणार, असं तुम्हाला सांगितलं होतं. काही वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी नेलंत तर तिथले डॉक्टर फार भले होते. त्यांनी नंदूचा हात हातात घेतला आणि म्हणाले, छिद्र बुजवता आलं असतं, पण आता फुप्फुसं गेली, आधी का नाही आणलंत? आधी आणलं होतं, एवढंच तुम्ही म्हणालात. नंदू मिसरूड फुटायच्या वयात गेला, तुमच्या घराच्या ओट्यावर, खाडीकडे तोंड करून बसलेला असताना.

आम्हाला वाटलं, आता तुम्ही सभेला कशाला याल? पुढच्या महिन्यात तुम्ही आमच्याआधी येऊन फळा पुसत होतात. तुमच्या मांडीवर कुंदा जाऊन बसली. एवढी मोठी घोडी झाली होती, तरी बसली. तुम्ही तिला उठवलं नाहीत.

आता त्या रविवाराकडे येते. तुम्हाला माहीत आहे कोणत्या.

तुम्ही आलात तेव्हाच चेहरा बरा नव्हता. फळ्यावर काही लिहिलं नाहीत. म्हणालात, बाहेरच्या देशांत आपली मुलं आता जास्त जगतायत, त्यामुळे एक नवीन गोष्ट दिसायला लागलीय. चाळिशीच्या आसपास यांतल्या बऱ्याच जणांचा मेंदू म्हाताऱ्या माणसासारखा होतो. आधी मूल गप्प होतं. मग रस्ता विसरतं, मग जेवण, मग आपली माणसं. जे गुणसूत्र जास्त आहे त्यातच ते लिहिलेलं असावं, असं म्हणतात. औषध नाही.

वर्गात मागे मुलं चेंडू फेकत होती. टिटवाळ्याहून मुलाला घेऊन येणारे एक गृहस्थ उभे राहिले. "साहेब, माझा पोरगा कालपरवा चड्डीची नाडी बांधायला शिकला. तुमचं म्हणणं, ते तो विसरणार. मग आम्ही काय करायचं? आजपासून रडायला बसायचं?" त्यांनी मुलाला उचललं आणि ते गेले. पुढच्या महिन्याच्या सभेला निम्मे बाक रिकामे होते, आणि ते पुन्हा भरले नाहीत.

शाळेच्या जिन्यात मी तुम्हाला गाठलं. "काय गरज होती? तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"ताई, आमच्या कोलशेतला वारं फिरणार असेल तर होडीवाल्याला सांगतात. त्याचा मूड बघत नाहीत."

"होडी मागे आणता येते, भाऊ. ही कुठून मागे आणायची?"

"निदान बघत तरी राहू. बदल दिसला की—"

"बदल दिसला की काय? औषध नाही म्हणालात ना?"

तेव्हा माझ्या ओठांवर एक वाक्य आलं होतं. तुम्हाला आता घाबरण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून तुम्हाला हे सगळं जाणून घेणं परवडतं. ते मी गिळलं. तुम्हाला ते ऐकू आलं असणार, कारण तुम्ही चप्पल पायात घालताना माझ्याकडे पाहिलं नाहीत. त्या वाक्याबद्दल आपण पुढे कधीच बोललो नाही. आज इथे लिहून टाकलं.

तेव्हापासून मी कुंदाकडे बघायला भ्यायला लागले. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत ती विशी ओलांडून गेली होती. डोंबिवलीच्या आमच्या या बिल्डिंगमध्ये तिच्याइतकं कुप्रसिद्ध कोणी नव्हतं. एमआयडीसीत संध्याकाळी पाळीचा भोंगा व्हायचा की कुंदा गॅलरीत जाऊन त्याच्या बरोबरीने ओरडायची. भोंगा थांबला तरी ही थांबायची नाही. समोरच्या जोशीबाई खिडकी लावून घ्यायच्या, लावताना आवाज होईल अशी लावायच्या. सणवाराला आम्हाला बोलावणं यायचं ते मला एकटीला. "तुम्ही या हो, बेबीला बरं नसेल तर राहू दे." बेबी म्हणजे आमची कुंदा. तिला काय धाड भरली होती?

आणि मग गेल्या हिवाळ्यात ती शांत झाली.

हळूहळू झाली, इतकी हळू की कोणता दिवस पहिला ते मला सांगता येत नाही. ताट आपटेना. कपडे घालताना पळेना. सांगितलं तिथे बसायची, आणि उठ म्हणेपर्यंत बसायची. थोडी जाड झाली, चेहरा भरला. सगळ्यांनी म्हटलं, तब्येत सुधारली. संक्रांतीला जोशीबाई स्वतः दारात आल्या. "हळदीकुंकवाला दोघी या. बेबीला नक्की आणा."

भाऊ, त्या दिवसाचं सुख तुम्हाला कळणार नाही. मी तिला माझी हिरवी साडी नेसवली. ती सतरंजीवर पाय दुमडून बसली, हातावर हात ठेवून. तिच्या कपाळाला कुंकू लागलं, तिच्या ओटीत बोरं पडली, तिने तिळगूळ तोंडात धरला आणि किती वेळ चावलाच नाही. बायका म्हणाल्या, "किती शहाणी झाली हो तुमची!" इतक्या वर्षांत कोणी तिच्याबद्दल हे म्हणालं नव्हतं. मला रडू आलं, मी पदर तोंडाला लावला. जोशीबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या रविवारी तुम्ही नेहमीसारखे आमच्याकडे आलात तेव्हा मी हे सगळं तुम्हाला सांगत होते. तुम्ही पोहे खात होतात. खाली भोंगा झाला. तुमचा चमचा थांबला. भोंगा वाजून संपला. कुंदा तुमच्यासमोर खुर्चीत बसली होती, तिने मानही वळवली नाही.

"ताई, ही ओरडली नाही."

"हो ना. कधीचीच नाही ओरडत. शहाणी झाली."

"शहाणी झाली म्हणू नका," तुम्ही इतक्या हळू म्हणालात की मला तुमचा रागच आला. "काय काय बदललंय ते सांगा."

तुम्ही तिच्याजवळ गेलात. तिचा हात हातात घेतलात, कातडी बोटाने घासून पाहिलीत. थंडी वाजते का, विचारलंत. पोट साफ होतं का, विचारलंत. तिला नाव विचारलंत. तिने सांगितलं, पण आवाज घोगरा होता आणि मधे मोठी फट होती. मी स्वयंपाकघरात निघून गेले. तुमच्या डोक्यात काय चाललंय हे मला माहीत होतं. आधी मूल गप्प होतं, हे तुम्हीच तर वर्गात सांगितलं होतंत.

तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणालात की ते नसेलही. थायरॉईड असेल. या मुलांत तो बिघडतो, अगदी असाच दिसतो, आणि त्याला गोळी आहे. रक्त तपासू या.

"आणि थायरॉईड नसेल तर?"

तुम्ही परत जाऊन कुंदासमोर बसलात.

मग मी नाही म्हणाले. उन्हाळाभर नाही म्हणाले. तुम्हाला ते खुळचटपणाचं वाटलं, पण माझा हिशेब सरळ होता. जोवर रक्त काढलं नाही तोवर तिला थायरॉईड असू शकत होता. एकदा रिपोर्ट आला आणि त्यात सगळं ठीक निघालं, की मग एकच गोष्ट उरणार होती, आणि ती तुम्ही वर्गात आधीच सांगून ठेवली होतीत. कुंदाचे बाबा म्हणायचे, "कशाला छळता पोरीला? शांत आहे ना, राहू दे शांत." आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "वहिनी, अशी मुलं वयाप्रमाणे जडावतातच." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात.

"अशी मुलं! माझ्या नंदूला पण हेच बोलले. छिद्र होतं छातीत, तर बोलले, अशा मुलांचं असंच असतं. ताप आला तरी असंच, खोकला झाला तरी असंच. मेला तरी असंच! त्या एका शब्दामागे काय काय लपतं, ताई, तुम्हाला अजून कळत नाही काय?"

त्यावर मी तुम्हाला जा म्हणाले. घरातून जा, असं. तुम्ही गेलात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा जिना चढून आलात, हातात सुकटीची पुडी घेऊन. मी ब्राह्मणाच्या बिल्डिंगमध्ये सुकट आणल्याबद्दल भांडले आणि संध्याकाळी भाजून खाल्ली.

घर फार शांत होतं त्या दिवसांत. तुम्हाला त्याची कल्पना येणार नाही, तुम्ही आलात की बोलणं व्हायचंच. एरवी संध्याकाळी भोंगा व्हायचा, संपायचा, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज यायचा. मी कुंदासमोर बसून तिला विचारायची, हे कोण? बाबांचा फोटो, आजीचा फोटो, तुमचा. ती उत्तर द्यायची. पण दरवेळी थोडं उशिरा द्यायची, आणि तो उशीर वाढतोय की काय हे ऐकत मी श्वास धरून बसायची. एकदा तुमच्या फोटोवर तिने बोट ठेवलं आणि काहीच बोलली नाही. मी फोटो फडताळात ठेवून दिला.

श्रावण लागला आणि तुम्ही भांडायचे थांबलात. यायचात, बसायचात, चहा घ्यायचात. रक्ताचा विषय काढत नव्हतात. लायब्ररीतलं काही आणत नव्हतात. कुंदा आणि तुम्ही समोरासमोर खुर्च्यांत बसून राहायचात, दोघंही चुपचाप. मी कुंदाच्या बाबांना म्हटलं, भाऊ निवळले बाई एकदाचे. वयाने शहाणे झाले.

हे मी म्हटलं, भाऊ. ज्या शब्दावरून तुम्ही माझ्या पोरीसाठी सहा महिने भांडलात, तोच शब्द मी तुमच्यावर चिकटवला आणि मोकळी झाले. जिन्यात तुम्ही थांबत होतात. ओठ तुमचेही काळवंडत होते. काय काय बदललंय, हे तुम्हाला विचारणारं कोणी नव्हतं, आणि तुम्ही स्वतः? साऱ्या दुनियेच्या पोरांचे बदल टिपणारा माणूस, तुम्ही स्वतःचं का नाही सांगितलंत? याच्यावर मला तुमच्याशी भांडायचंय. याचं उत्तर द्यायला तुम्ही हवे होतात.

राखीला तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला ओवाळलं. ओवाळणी टाकायची सोडून तुम्ही म्हणालात, "ताई, आज मला तुम्हीच काहीतरी द्या. कुंदाचं रक्त द्या." मला हसू आलं, आणि हसता हसता मी हो म्हणून गेले. त्या दिवशी लॅब बंद होती, आपण दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या लॅबमध्ये गेलो. कुंदा खुर्चीत बसली आणि तिने हात पोटाशी धरला. तुम्ही बाही वर केलीत. "आधी काका, मग कुंदा." सुई तुमच्या हातात जाताना तुम्हाला घाम फुटला होता. मी भिंतीकडे बघतच तुम्हाला टोमणा मारला, एवढा मोठा माणूस आणि सुईला घाबरता? तुम्ही म्हणालात, "मी नाही घाबरत. तुमच्या वाटचं घाबरतोय."

रक्त तपासायला मुंबईला जायचं होतं. रिपोर्ट यायच्या आधी तुमच्या धाकट्या भावाचा शेजाऱ्यांकडे फोन आला. सकाळची वेळ होती, मी कुंदाची वेणी घालत होते. "ताई, दादा गेला. ओट्यावर बसलेला, तिथंच." मी परत येऊन वेणी पूर्ण केली. कुंदाला सांगितलं, काका गेले. तिने ऐकलं. कुठे, असंसुद्धा विचारलं नाही. तुमच्या जाण्याहून त्या न विचारण्याने मला जास्त गारठवलं.

थायरॉईडच निघाला, भाऊ. हे तुम्हाला सांगायला माझ्याकडे जागा नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. डॉक्टर म्हणाले, इतका कमी की आश्चर्य आहे, अजून थोडे दिवस काढले असतेत तर अवघड होतं. एक लहानशी गोळी, सकाळी उपाशीपोटी. मी चुकले असं तुम्ही माझ्याकडून वदवून घेणार नाही. माझी भीती खोटी नव्हती, नुसती लवकर आली होती. पण पोर तुम्ही परत आणलीत, हे मी कोणासमोरही म्हणेन.

आधी तिचे हात ऊबदार झाले. मग तिने ताट आपटलं. नवरात्रात एका संध्याकाळी भोंगा झाला आणि गॅलरीतून असा काही आवाज आला की माझ्या हातातली कढई पडली. जोशीबाईंनी खिडकी लावली. आवाज होईल अशी लावली. पुढच्या संक्रांतीला बोलावणं मला एकटीला येईल, येऊ दे. त्या रात्री जेवताना कुंदा म्हणाली, "काका कुठे?"

आता ती दर रविवारी विचारते. दार उघडून जिन्यात बघते. आठवायला लागली म्हणून मी देवाचे आभार मानायचे, आणि आठवतंय म्हणून तिला तुम्ही हवे आहात. भाऊबीजेला तिने तुमच्यासाठी पाट मांडला. मी उचलला नाही. दिवसभर तो तसाच होता.

तुम्ही वर्गात सांगितलेली गोष्ट कुठे गेलेली नाही, हेही मला माहीत आहे. आजच्या भोंग्याला ती ओरडली. पण चाळिशी यायची आहे. रोज संध्याकाळी त्या वेळेला मी हातातलं काम ठेवते आणि भिंतीला टेकून उभी राहते. एमआयडीसीचा वास येत असतो, खाली पोरं खेळत असतात. भोंगा सुरू होतो आणि ती ओरडेपर्यंतचा जो क्षण असतो, तो तुम्ही माझ्या जन्माला लावून दिलात. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलंय की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल पुन्हा रक्त द्यायचं होतं, गोळी पुरते का ते बघायला. आम्ही दोघी लॅबमध्ये गेलो. कुंदा खुर्चीत बसली, हात पोटाशी घट्ट. लॅबवाल्याने गोड बोलून पाहिलं. मी रागावून पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

"आधी काका," ती म्हणाली.

लॅबवाला माझ्याकडे बघायला लागला. बाहेर माणसं खोळंबली होती. कुंदाने पुन्हा तेच सांगितलं, अगदी शांतपणे, आम्हाला कळलं नसेल म्हणून.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या आणि हात पुढे केला. "आधी माझं काढा," मी म्हटलं. या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही, कारण ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. सुई आत गेली. कुंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं. बराच वेळ दाराकडे पाहिलं. मग तिने हात दिला.